म्युझियमच्या आवारात खेळणारी कुटुंबं आत कशी आणायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: म्युझियम लहान आहे, एका दालनात प्राण्यांचे सांगाडे, दुसऱ्यात जुनी अवजारं, बाहेर मात्र भरपूर मोकळी जागा. सुट्टीच्या दिवशी तिथे मुलं पळतात, आईवडील बाकावर मोबाईल घेऊन बसतात आणि तासाभराने सगळे आत न डोकावताच निघून जातात. वरिष्ठांना बाहेर अ‍ॅपवरचा ट्रेझर हंट हवाय, शेवटी बक्षीस, आणि तुम्ही विचारताय की गेम कुठला घ्यायचा आणि अ‍ॅप करावं का.

अ‍ॅपचं खाली सांगते. आधी हे बघा की तुमच्याकडे लोक येतच नाहीत असं झालेलं नाहीये, ते आवारात ऑलरेडी आलेले आहेत, अडलंय ते शेवटच्या वीस-तीस पावलांवर. आवारात गर्दी जमवणं हा एक प्रश्न आणि जमलेल्या गर्दीला दारातून आत घेणं हा दुसराच, आणि पहिल्यासाठी केलेला खेळ दुसऱ्याचं चक्क नुकसान करू शकतो. बाहेरच्या खेळांच्या कामात मला हे नेहमी दिसतं. खेळ झकास जमतो, मुलं तासभर धावतात, बक्षीस मिळतं, पोरं दमतात, भुकेजतात, आईवडील खूश, आणि सगळे सरळ घरी. खेळ बाहेरच पूर्ण झाला ना, मग आत जायला कारण काय उरलं?

आता लोक दाराशी का थबकतात ते बघू, कारण खेळाला तेच काम करायचंय. म्युझियमच्या क्षेत्रात यावर बराच विचार झालाय, म्युझियम-तज्ज्ञ एलेन ह्यूमन गुरियन यांनी तर या उंबरठ्याच्या भीतीवरच लिहिलंय. लहान मुलं बरोबर असली की ही भीती अगदी साधी असते: हा काहीतरी फोडेल, ही ओरडेल आणि कोणीतरी डोळे वटारेल, सगळ्यांची तिकिटं काढायची आणि दहा मिनिटांत पोरगं म्हणणार कंटाळा आला, आत टॉयलेट आहे की नाही, बाबागाडी चालेल का, आणि मुलाने काही विचारलं आणि मला नाहीच सांगता आलं तर? हे शेवटचं कोणी तोंडाने बोलत नाही, पण असतं. जॉन फॉक आणि लिन डिअर्किंग यांनी म्युझियममध्ये येणाऱ्या लोकांचा अनेक वर्षं अभ्यास केला, त्यातून एक गोष्ट पक्की कळते की लोक म्युझियममध्ये घोळक्याने, आपल्या माणसांबरोबर वेळ घालवायला येतात आणि काही जण तर निव्वळ दुसऱ्यासाठी येतात. बहुतेक आईबाप या शेवटच्या प्रकारातले. म्हणजे मुलाला कितीही आत जावंसं वाटलं तरी ठरवणार बाकावर बसलेला माणूस, आणि तुमच्या खेळाने त्यालाच जागेवरून उठवायचंय.

पुढचं सगळं काही गोष्टींवर अवलंबून आहे. तिकीट आहे का, आणि असलं तर काउंटर दाराच्या बाहेर की आत? काउंटरच्या अलीकडे एखादी वस्तू ठेवता येण्याइतका व्हरांडा किंवा लॉबी आहे का? आवाराला लागून गाड्यांचा रस्ता आहे का? सुट्टीच्या दिवशी हाताशी माणसं किती? इमारत किंवा फरशी संरक्षित वारसा म्हणून नोंदलेली आहे का? यातल्या कशाचं उत्तर बदललं की डिझाइन बदलतं, त्यामुळे दुसरीकडे चाललेला खेळ उचलून जसाच्या तसा लावू नका.

आता मुद्द्याचं. मी प्रत्येक वेळी एकच नियम धरते: प्रश्न बाहेर पडला पाहिजे आणि उत्तर आत असलं पाहिजे, आणि तो प्रश्न त्या मुलाचा स्वतःचा असला पाहिजे. "शोधा पाहू, आत किती सांगाडे आहेत" हा म्युझियमचा प्रश्न झाला. मुलाला त्याचं काय पडलंय?

तुमच्याकडे सांगाडे आहेत, तर उडीचा खेळ घ्या. जमिनीवर नऊ-साडेनऊ मीटरची पट्टी आखा. एका टोकाला उडीची रेघ, पुढे पट्टीभर दर 10 सेंटीमीटरला खूण. मूल जागेवरून उडी मारतं, मोठं माणूस मोजतं आणि कार्डावर आकडा लिहितं. पट्टीवर मध्ये मध्ये नुसती पावलांची चित्रं, नावं नाहीत. पिसू जेमतेम 2-3 मिलिमीटरची, पण साधारण 30 सेंटीमीटर उडते, ती खूण रेघेच्या अगदी जवळ. लाल कांगारूची झेप 8 मीटरच्या पुढे जाऊ शकते, ती खूण पार तिकडे. आणि 8.95 मीटरवर माणसाची खूण, हा 1991 मध्ये टोकियोला माइक पॉवेलने केलेला लांब उडीचा विश्वविक्रम (तो धावत येऊन मारलेला आहे हे तिथे लिहा, नाहीतर एखादा बाबा खांदा नाहीतर गुडघा दुखावून घेईल). मधल्या खुणा तुमच्या दालनात जे प्राणी खरंच आहेत त्यांच्याच ठेवा, आकडे तुमच्या अभ्यासकांकडून तपासून घ्या. मुलाच्या कार्डावर आता 1 मीटर 20 आहे आणि खाली एवढंच लिहिलंय: तुझ्याइतकी उडी मारणारा आत आहे, त्याचे पाय बघून ओळख.

यात काय झालं बघा. मूल आत जाताना स्वतःचा आकडा घेऊन जातंय. पिसूची खूण मुद्दाम जवळ आहे, त्यामुळे नुकतं उडी मारायला शिकलेलं पोरसुद्धा कोणालातरी हरवतंच. आणि आत गेल्यावर उत्तर लेबलवर नाही, पायाच्या हाडात आहे: उडी मारणाऱ्या बऱ्याच प्राण्यांचे मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब असतात, एवढी एक गोष्ट कळली की पोरं दालनभर प्रत्येक सांगाड्याचे पाय बघत सुटतात. लेबलवरचे शब्द शोधून कोऱ्या जागा भरायला लावणारी वर्कशीटं तुम्ही पाहिली असतीलच. मुलं खाली मान घालून लेबल ते लेबल पळतात, वरती हत्ती उभा असला तरी कळत नाही त्यांना! तसलं काही करू नका.

अवजारांच्या दालनासाठीही असंच करता येईल. बाहेर एक जड दगड आणि एक लांब दांडा, लहान मुलीने मोठ्या माणसापेक्षा जास्त वजन उचलायचं, टेकू कुठे ठेवायचा ते त्यांनी शोधायचं. (दगड खालून बांधलेला हवा, म्हणजे उचलला जाईल पण घरंगळणार नाही.) मग कार्डावर टेकूची जागा ठिपक्याने काढायची आणि आत जाऊन असाच टेकू असलेलं अवजार शोधायचं. तुमच्या संग्रहात तराजू, कात्री, अडकित्त्यासारखी काहीही तरफेवर चालणारी वस्तू असेल तर काम झालं. चित्र-शिल्पांचं म्युझियम असतं तर मी बाहेर रिकामी चौकट उभी केली असती, त्यात मुलाने पोझ घ्यायची आणि आत तसं कोण उभं आहे ते शोधायचं. सांगायचं काय, तर आधी आतली वस्तू निवडायची आणि तिच्यापासून उलट बाहेर येत खेळ रचायचा. बहुतेक जण उलटं करतात, आधी खेळ ठरवतात आणि मग त्याला म्युझियम चिकटवतात, ते लगेच कळतं.

दाराबद्दल थोडं जास्त बोलते, कारण खर्च सगळा खेळावर होतो आणि गळती सगळी दारात होते. बाहेरचं शेवटचं स्टेशन, म्हणजे खेळाचा शेवटचा थांबा, दारापासून लांब नको, अगदी दारालगत ठेवा. तिथे उभं राहिल्यावर आतली पहिली वस्तू दिसली पाहिजे, निदान तिचा एखादा भाग. जड दरवाजा बंद असेल तर उघडा ठेवा, एसीमुळे जमत नसेल तर काचेवरचे पोस्टर तरी काढा. आणि दारावरच्या सुरक्षारक्षकाला खेळात घ्या. त्याचं काम एवढंच, कार्ड हातात असलेलं मूल दिसलं की विचारायचं, "काय रे, किती उडलास?" ह्या एका वाक्याने आईबापाची निम्मी भीती जाते, कारण ज्याच्याकडून ओरडा बसेल असं वाटत होतं तोच माणूस खेळायला लागला. कुठल्याही अ‍ॅपपेक्षा हे जास्त काम करतं आणि फुकट आहे. पण त्या माणसाला आधी स्वतःला उडी मारू द्या, खेळ समजू द्या, नुसती सूचनेची चिठ्ठी देऊन होणार नाही. दाराशीच एक पाटी लावा: बाबागाडी चालेल, टॉयलेट डावीकडे, दहा मिनिटांत बाहेर पडलात तरी चालेल. हे तिसरं वाक्य वरिष्ठांना खटकेल, तरी लावाच.

तिकीट असेल तर थोडं अवघड होतं. खेळाच्या ऐन रंगात पैसे मागितले की फसवल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं बरोबरही आहे. म्हणून खेळ सुरू होतो तिथेच स्पष्ट लिहा की शेवटचा भाग आत आहे आणि आत तिकीट आहे. शक्य असेल तर काउंटरच्या अलीकडे लॉबीत एक खरी वस्तू ठेवा, म्हणजे एक उत्तर तरी फुकटात मिळेल, आणि त्यातून पुढचा प्रश्न निघेल. लॉबीत आलेलं कुटुंब काउंटरपर्यंत येण्याची शक्यता बाकावर बसलेल्या कुटुंबापेक्षा कितीतरी जास्त.

आता कुटुंब म्हणून खेळणं. 1990च्या दशकात फिलाडेल्फिया परिसरातल्या चार संस्थांनी, त्यात एक प्राणिसंग्रहालय आणि एक मत्स्यालयही होतं, मिळून अभ्यास केला की कुटुंबं कुठल्या प्रदर्शनापाशी एकत्र शिकतात, आणि त्यातून सात गुण काढले: चारी बाजूंनी गोळा होता येणं, एकाच वेळी अनेक हातांनी वापरता येणं, लहानमोठ्या सगळ्यांना सोयीचं असणं, उत्तर एकच नसणं, वेगवेगळ्या पद्धतीने शिकणाऱ्यांना चालणं, मजकूर पटकन वाचता येण्यासारखा असणं आणि आपल्या माहितीतल्या गोष्टीशी जोडता येणं. मी हे यादी म्हणून वापरत नाही, पण खेळ अडला की हमखास यातलंच काहीतरी राहिलेलं असतं.

माझ्या दृष्टीने त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोठ्या माणसाला काम द्या, आणि ते काम शिक्षकाचं नको. उडी मुलाची, मोजणं मोठ्याचं. तरफेवर दाबणं मुलीचं, टेकू सरकवणं आजोबांचं. मोठा माणूस लागतोच अशी रचना असली की तो बाकावरून उठतो, आणि त्याला ज्ञान पाजळावं लागत नाही म्हणून लाजही वाटत नाही. वेगवेगळ्या वयाची भावंडं एकत्र येणार, म्हणून बाद होणं, राज्य येणं, वेळ लावून शर्यत, असलं काही नको, बारकं रडलं की अख्खं कुटुंब निघालं समजा.

ट्रेझर हंटबद्दलची माझी तक्रार इथेच आहे. एकामागून एक चिठ्ठ्या असलेला हंट वाढदिवसाला छान, कारण तिथे एकच गट असतो आणि सगळे एकदम सुरू करतात. सार्वजनिक आवारात पहिल्या चिठ्ठीशी गर्दी, चौथी चिठ्ठी कोणीतरी फाडून नेलेली, आणि अर्ध्यात आलेल्या कुटुंबाला सुरुवात कुठे तेच सापडत नाही. तीन-चार स्टेशनं ठेवा, कुठूनही सुरू करता येतील, एक केलं तरी आत जाता येईल अशी. बाहेरचा सगळा खेळ पंधरा मिनिटांच्या आत संपला पाहिजे, ताकद आतसाठी शिल्लक राहायला हवी ना.

बक्षिसाचं. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांवर प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल, काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात, ज्यांना प्रमाणपत्राचं आधीच सांगितलं होतं त्या मुलांनी चित्रं काढण्यात बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ घालवला. अचानक मिळालेल्यांवर असा परिणाम दिसला नाही. तो प्रयोग वेगळ्या परिस्थितीतला आहे, पण आवारात जे दिसतं त्याच्याशी जुळतो: बक्षीस जाहीर केलं की मुलं उत्तर शोधायच्याऐवजी उत्तर विचारत फिरतात, आणि आईवडील काउंटरवर वाद घालतात की आमच्या दोघांना दोन द्या. म्हणून बोर्डावर बक्षिसाचा उल्लेख नको. आत पोचलेल्या मुलाच्या कार्डावर शिक्का मारा, न सांगता. कार्डच जरा चांगल्या जाड कागदाचं करा, त्यावर त्याचा स्वतःचा आकडा आहे, ते घरी जातंच. वरिष्ठ बक्षिसावर अडूनच बसले तर आतल्या दालनात, सगळ्यात शेवटी, आणि सगळ्यांना सारखं.

आता अ‍ॅप. माझं मत, करू नका, निदान पहिल्या वर्षी. डाउनलोड करा, परवानग्या द्या, नेटवर्क नाही, बॅटरी संपत आली, आणि एवढं होईपर्यंत पोरगं पाण्याच्या डबक्यात. शिवाय मोबाईलच्या जीपीएसची अचूकता मोकळ्या आकाशाखाली साधारण 5 मीटर, उंच भिंती आणि झाडांपाशी त्याहून वाईट. तुमच्या आवारात दोन स्टेशनांत दहा-पंधरा मीटर अंतर असेल तर फोन गोंधळणार. जीपीएसवर खजिना शोधायचा खेळ, जिओकॅशिंग, मे 2000 मध्ये सुरू झाला तो अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकल्यावर अगदी दुसऱ्याच दिवशी, पण तो मैलोन्‌मैल पसरलेला खेळ आहे, आवाराएवढ्या जागेचा नाही.

वरिष्ठ पोकेमॉन गोचं उदाहरण देतील, सगळे देतात. 2016 मध्ये त्याने लोकांना बाहेर काढलं हे खरं, कितीतरी म्युझियमच्या दाराशी लोक आले. पण त्याच जुलैमध्ये वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मारक म्युझियमला लोकांना सांगावं लागलं की इथे हा गेम खेळू नका, आणि आपली जागा गेममधून काढायची मागणी करावी लागली. लोक आले म्हणजे म्युझियमसाठी आले असं होत नाही, आणि प्रत्येक जागेला प्रत्येक खेळ शोभत नाही. तुमच्या संग्रहात युद्धाची, दुःखाची वस्तू असेल तर ती खेळाबाहेर ठेवा.

डिजिटल काहीतरी हवंच असेल तर क्यूआर कोड पुरे, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. स्कॅन करायच्या अंतराच्या साधारण एक दशांश रुंदीचा कोड छापा, म्हणजे 1 मीटरवरून स्कॅन व्हायचा असेल तर 10 सेंटीमीटरचा. कोड बनवताना चूक-दुरुस्तीची (एरर करेक्शनची) सगळ्यात वरची पातळी निवडा, त्यात साधारण 30 टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो, उन्हापावसात त्याचा उपयोग होतो. भोवती पांढरी मोकळी पट्टी सोडा, चकचकीत लॅमिनेशन नको, उन्हात चमकतं. आणि रोज सकाळी कोणीतरी बघा की आपल्या कोडवर दुसराच स्टिकर तर चिकटवलेला नाही ना. पण खेळ कोडशिवाय पूर्ण खेळता आला पाहिजे, कोडमध्ये फक्त जादाची माहिती.

सुरक्षा आणि साहित्याचं पटापट सांगते. उडीची पट्टी गवतावर, वाळूवर किंवा रबरी मॅटवर, फरशीवर नको. साधा रंग ओला झाला की घसरतो, खरखरीत रंग घ्या. जुन्या दगडी फरशीवर काहीच रंगवू नका, तिथे उचलून नेता येणारी मॅट. धावायची दिशा रस्त्याकडे नसावी. नुसत्या रंगांवर खूण ठेवू नका, लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणारे पुरुष काही कमी नसतात, त्यामुळे आकारही वेगळा द्या. व्हीलचेअरवरच्या मुलासाठी उडीच्या जागी एका ढकलण्यात चाक किती पुढे गेलं ते मोजा, कार्ड तेच, प्रश्न तोच. सावली बघा, दुपारी उन्हात कोणी रांग लावत नाही.

आणि हे सगळं छापायच्या आधी खडू, दोरी, पुठ्ठा आणि हाताने लिहिलेली कार्डं घेऊन एका सुट्टीला करून बघा. स्वतः समजावून सांगायचं नाही, लांब उभं राहून फक्त बघायचं. लोक पाटी न वाचताच खेळायला लागले तर पाटी लहान करा. मोठी माणसं उठत नसतील तर त्यांचं काम वाढवा. मुलं कार्ड घेऊन दारापर्यंत येतात आणि तिथून मागे फिरतात, तर खेळाला हात लावू नका, दाराला लावा.

मोजायचं काय, तर तीन आकडे: किती कुटुंबांनी एक तरी स्टेशन खेळलं, त्यातली किती दारातून आत गेली, आणि त्यातली किती उत्तर सापडल्यावरही आत रेंगाळली. कागदावर रेघोट्या मारून होतं हे. तुलना खेळ नसलेल्या, तशाच हवेच्या, त्याच वाराशी करा. वरिष्ठ एकूण सहभाग विचारतील, पण तुमचा आकडा दुसरा. पहिला वाढला आणि दुसरा तिथेच राहिला तर तुमच्याकडे एक चांगलं मैदान तयार झालं, बस्स. तिसराच कमी असेल तर आतल्या दालनात मुलांना बसायला, हात लावायला, खाली वाकून बघायला काय आहे ते बघावं लागेल, आणि ते बाहेरच्या कुठल्याच खेळाने सुटणार नाही.

तिकीट नेमकं कुठे तपासतात आणि दारात उभं राहिल्यावर आतली पहिली कुठली वस्तू दिसते, एवढं कळवलंत तर शेवटचं स्टेशन कुठे आणि कशाचं ठेवायचं ते जास्त नेमकं सांगता येईल.